निम्मा साठा, निम्मा विवाल्दी: तुरीनच्या हस्तलिखितांचं प्रकरण

१९२६ साली उत्तर इटलीतल्या बोर्गो सान मार्तीनो या गावच्या एका निवासी शाळेला इमारतीच्या डागडुजीसाठी पैशांची निकड होती. शाळा सालेशियन धर्मगुरूंची, म्हणजे आपल्याकडे माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा ज्या संप्रदायाची त्याच संप्रदायाची. विकण्यासारखं हाताशी काय, तर मार्चेलो दुराट्सो नावाच्या जेनोआच्या एका उमरावाकडून शाळेला मिळालेला जुन्या संगीताच्या हस्तलिखितांचा साठा. तो जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांपुढे ठेवण्याआधी त्याचं मोल कळावं म्हणून शाळेचे रेक्टर फेदेरिको एमानुएल यांनी तुरीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे विचारणा केली. ग्रंथालयाचे प्रमुख लुइजी तोर्री यांनी ते काम तुरीन विद्यापीठात संगीताचा इतिहास शिकवणाऱ्या अल्बेर्तो जेंतीली यांच्यावर सोपवलं. खोकी तुरीनला आली. आत ९७ खंड होते. त्यांतल्या १४ खंडांत एकाच माणसाचं संगीत होतं, आणि त्यातलं पुष्कळसं त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातलं.

तो माणूस म्हणजे अंतोनियो विवाल्दी. त्याच्या ‘चार ऋतू’मधल्या ‘वसंत’ची सुरावट आज कंपनीच्या फोनवर ताटकळत राहणाऱ्यालाही तोंडपाठ असते. त्यामुळे १९२६ साली हे नाव किती मागे पडलं होतं याची कल्पना करणं जड जातं. जर्मन संगीतकार बाखचा अभ्यास करणाऱ्यांना ते ठाऊक होतं, कारण तरुण बाखने विवाल्दीचे कॉन्चेर्तो, म्हणजे एखादं मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यांसाठी उतरवून घेतले होते. बाखचा पहिला मोठा चरित्रकार फोर्केल याने १८०२ मध्येच ते नोंदवून ठेवलं होतं. जर्मनीत ड्रेस्डेनच्या दरबारी संग्रहातही विवाल्दीच्या बऱ्याच प्रती होत्या. त्याचा शिष्य आणि मित्र योहान गेओर्ग पिझेंडेल याने त्या जमवलेल्या. पण खुद्द इटलीत, आणि मैफलीच्या व्यासपीठावर, विवाल्दी जवळपास नव्हताच.

साठा घरातच का राहिला

हरवण्याचं मूळ मला विवाल्दीच्याच एका व्यावहारिक निर्णयात दिसतं.

त्याचा जन्म व्हेनिसमधला, ४ मार्च १६७८ चा. वडील जोव्हान्नी बात्तिस्ता आधी न्हावी, मग सान मार्को चर्चच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक. मुलगा १७०३ मध्ये पाद्री झाला. लाल केसांमुळे लोक त्याला ‘तांबडा पाद्री’ म्हणत. छातीच्या विकारामुळे त्याने लवकरच पूजाविधी चालवणं सोडून दिलं. १७०३ मध्येच तो ‘ओस्पेदाले देल्ला पिएता’ या संस्थेत व्हायोलिन शिकवायला लागला. ही टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणारी संस्था. तिथल्या मुलींचा वाद्यवृंद जाळीआड बसून वाजवायचा आणि तो ऐकायला युरोपभरचे प्रवासी यायचे. पुढे, मध्ये मध्ये खंड पडूनही, तीसेक वर्षं त्याचा या संस्थेशी संबंध राहिला. १७२३ च्या करारानुसार त्याने संस्थेला महिन्याला दोन कॉन्चेर्तो पुरवायचे होते.

छापील पुस्तकांनी त्याला युरोपभर नेलं. १७११ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला ‘लेस्त्रो आर्मोनिको’ हा १२ कॉन्चेर्तोंचा संच छापला गेला आणि बाखपर्यंत पोचला. ‘चार ऋतू’ १७२५ मध्ये तिथेच छापले गेले. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘चार ऋतू’ पेटीत सापडले अशी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. ते कधी पेटीत नव्हतेच. छापलेलं सगळं टिकून होतं. प्रश्न होता न छापलेल्याचा.

१७३३ मध्ये एडवर्ड होल्ड्सवर्थ नावाच्या इंग्रज प्रवाशाला विवाल्दीने स्पष्ट सांगितलं की तो आता कॉन्चेर्तो छापणार नाही. छापले की हस्तलिखित प्रतींचा धंदा बसतो. एकेका प्रतीला तो एक गिनी, म्हणजे तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं, मागे. हिशेब बिनचूक होता. शहरात श्रीमंत परदेशी येत होते, प्रत करून देणारे हाताशी होते, आणि माल दुसरीकडे कुठे मिळत नसल्याने भाव टिकून होता. पण त्याचाच अर्थ असा की मूळ प्रती एकाच घरात, एकाच पेटाऱ्यात राहिल्या. ऑपेरा आणि चर्चसंगीत तर छापण्याचा प्रश्नच सहसा येत नसे. ते त्या त्या प्रसंगापुरतं लिहिलं जाई.

मग दिवस फिरले. नेपल्सच्या संगीतकारांची शैली लोकांना आवडू लागली. १७३७ मध्ये कार्डिनल रुफ्फो यांनी विवाल्दीला फेर्राराला यायलाच बंदी केली. कारणं दोन: हा पाद्री असून पूजा करत नाही, आणि आन्ना जिरो या गायिकेशी त्याची फार जवळीक आहे. तिथे ऑपेराचा हंगाम त्याच्या पैशांवर उभा होता. १७४० मध्ये तो व्हेनिस सोडून गेला आणि व्हिएन्नाला पोचला. सम्राट सहावा चार्ल्स त्याच्यावर मेहेरबान होता, पण ऑक्टोबर १७४० मध्ये सम्राटच वारला. दुखवट्यात नाटकगृहं बंद झाली. २८ जुलै १७४१ ला व्हिएन्नात विवाल्दीला पुरलं. हस्तलिखितं व्हेनिसलाच राहिली.

संग्राहकांच्या हाती

ती पहिल्यांदा गेली याकोपो सोरान्झो या व्हेनिसच्या ग्रंथप्रेमी सरदाराकडे. पुढे त्यांचे मालक झाले काउंट जाकोमो दुराट्सो. हा माणूस या साखळीतला सर्वांत रंगीत. मूळ जेनोआचा, व्हिएन्नाच्या दरबारी रंगभूमीचा प्रमुख, संगीतकार ग्लुकच्या ‘ओर्फेओ’ या ऑपेरामागची एक मोठी शक्ती, आणि १७६४ ते १७८४ या काळात व्हेनिसमध्ये सम्राटाचा राजदूत. संगीत कळणारा माणूस होता. तरीही त्याच्या घरातून विवाल्दीची एखादी रचना बाहेर आली, वाजली, असं घडलं नाही. जुनं संगीत तेव्हा वाजवण्याची वस्तू नव्हतीच, जपण्याची होती. साठा पुढे जेनोआला दुराट्सो घराण्याच्या वाड्यात गेला आणि शंभरेक वर्षं तिथे राहिला.

संग्राहकांना नावं ठेवण्याची पद्धत आहे. या प्रकरणात मला ते जमत नाही. फायद्यासाठी विकलं गेलं असतं, तर हे खंड सुटे होऊन, पानं फाटून, स्वाक्षरीवाली पानं वेगळी विकली जाऊन दहा देशांत पसरले असते. कपाटात बंद राहिले म्हणून एकसंध राहिले. खरं नुकसान झालं ते घराण्याच्या वाटणीत, १८९३ मध्ये. दोन शाखांत संग्रहाची वाटणी झाली आणि जात्याचे दोन दगड दोघांना वाटून द्यावेत तसं झालं. त्यातला एक वाटा मार्चेलो दुराट्सोंकडून बोर्गो सान मार्तीनोच्या शाळेत आला. तोच हा १९२६ चा ढीग.

पहिला पेच: पैसे

तोर्री आणि जेंतीली यांच्यापुढची परिस्थिती कुठल्याही सरकारी ग्रंथपालाला ओळखीची वाटेल. समोर अमूल्य वस्तू आहे, मालकाला तिचं मोल ठाऊक नाही, व्यापारी दारात येण्याच्या बेतात आहेत, आणि ग्रंथालयाकडे पैसा नाही. तुरीनचं हे ग्रंथालय १९०४ च्या आगीत आधीच होरपळलं होतं. हजारो हस्तलिखितं जळाली किंवा बिघडली होती. मंत्रालयाकडे जाण्याचा मार्ग होता, पण त्यात वेळ जाणार, बोभाटा होणार, आणि सरकारने पैसे दिलेच तर हा ठेवा तुरीनऐवजी दुसऱ्याच शहरातल्या ग्रंथालयात जाण्याचा धोका होता.

त्यांनी गुपचूप खासगी देणगीदार शोधायचं ठरवलं. तुरीनचे शेअर दलाल रोबेर्तो फोआ तयार झाले. त्यांचा चिमुकला मुलगा माउरो नुकताच वारला होता. त्याच्या नावाने त्यांनी साठा विकत घेतला आणि १९२७ मध्ये ग्रंथालयाला दिला. आजही त्या भागाचं नाव ‘माउरो फोआ संग्रह’ आहे.

इथे एक गोष्ट खटकते आणि ती दडपण्यात अर्थ नाही. शाळेने विचारलं होतं ते मोल. मोल ठरवणारा आणि ती वस्तू आपल्या ग्रंथालयात यावी म्हणून धडपडणारा माणूस एकच होता. आजच्या नियमांनी हा हितसंबंधांचा सरळ संघर्ष आहे. तेव्हाच्या परिस्थितीत दुसरं काय करता आलं असतं, याचं उत्तर मला तरी सापडत नाही. शाळेला पैसे मिळाले, साठा फुटला नाही, देशाबाहेर गेला नाही. पण हे प्रकरण शिकवायला घेताना हा मुद्दा वगळणाऱ्यांचं मला पटत नाही.

दुसरा पेच: गहाळ आकडे

आता या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग. हा कुठल्याही दंतकथेत बसत नाही, कारण तो निव्वळ कारकुनी आहे.

खंड तपासताना जेंतीलींच्या लक्षात आलं की त्यांच्यावरचे जुने क्रमांक सलग नाहीत. मध्ये आकडे गळतात. बांधणी एकाच घराची, क्रम एकाच यादीचा, म्हणजे गळलेले खंड नष्ट झालेले नसून दुसरीकडे असणार. साठा दुराट्सोंकडून आला होता, तेव्हा दुसरा वाटाही त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेत असणार. आनंदाच्या भरात कुणीही १४ खंडांवर समाधान मानलं असतं. वर्तमानपत्रात बातमी, एक मैफल, एक सत्कार, आणि विषय संपला असता.

वंशावळी चाळून शोध लागला जेनोआच्या जुझेप्पे मारिया दुराट्सो यांचा. गृहस्थ वयस्कर, आढ्यताखोर आणि संशयी. आपल्या घराण्याच्या अर्ध्या साठ्याची धर्मगुरूंनी विक्री केली याचाच त्यांना राग. फाउस्तीनो कुर्लो नावाच्या दुसऱ्या उमरावाने मध्यस्थी केली. बरोबरीच्या माणसाचंच ऐकलं जातं, हे तिथेही खरं. एका पाद्र्याकडूनही समजूत घातली गेली. आधी फक्त कपाट पाहायची परवानगी, मग विक्रीची बोलणी, असं करत १९३० साल उजाडलं. गळलेले खंड खरोखरच तिथे होते. विवाल्दीचे १३.

पुन्हा पैशांचा प्रश्न, आणि पुन्हा तसाच योग. कापड उद्योजक फिलिप्पो जोर्दानो यांचाही लहान मुलगा रेन्झो वारला होता. दुसरा भाग ‘रेन्झो जोर्दानो संग्रह’ झाला. दोन अनोळखी बापांनी आपापल्या मुलाच्या नावाने एकाच संगीतकाराचा अर्धा अर्धा वाटा सोडवला, हे कादंबरीत लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा जास्तच जुळवलंत.

१४ आणि १३ मिळून २७ खंड, साडेचारशेच्या आसपास रचना. विवाल्दीने प्रती काढून विकण्यासाठी, जुनी गाणी नव्या ऑपेरात बसवण्यासाठी स्वतःजवळ ठेवलेला हा कामाचा साठा. म्हणून पानं देखणी नाहीत. घाईने लिहिलेल्या ओळी, आख्ख्या पानावर मारलेली काट, एका वाद्याने दुसऱ्यासारखंच वाजवायचं असेल तिथे सूर न लिहिता नुसती खूण. तो प्रत करणाऱ्याच्या हातापेक्षा वेगाने संगीत रचतो अशी त्याची स्वतःचीच बढाई शार्ल द ब्रॉस या फ्रेंच प्रवाशाने १७३९ मध्ये लिहून ठेवली आहे. ही पानं पाहिली की ती निव्वळ बढाई वाटत नाही.

गळलेल्या आकड्यांची किंमत किती होती, हे एका उदाहरणाने सांगतो. डी मेजरमधलं ‘ग्लोरिया’ हे चर्चगीत, विवाल्दीच्या रचनांच्या आजच्या सूचीत क्रमांक ५८९. सुरुवातीलाच तंतुवाद्यं एकाच सुरावर वरच्या आणि खालच्या सप्तकात उडी मारतात, वर-खाली, वर-खाली, मग ट्रम्पेट येतो, आणि समूहगान एकच शब्द घेऊन उभं राहतं. लगेच पुढचा भाग बी मायनरमध्ये, संथ, सावकाश दाटत जाणारा, आधीचा सगळा झगमगाट पुसून टाकणारा. आज जगभरच्या चर्चमध्ये आणि हौशी गायकवृंदांत विवाल्दीचं सर्वांत जास्त गायलं जाणारं समूहगान हेच. ते जोर्दानो संग्रहात आहे, म्हणजे आढ्यताखोर जुझेप्पे मारिया दुराट्सोंच्या वाट्यात. ‘युदिथा त्रिउम्फान्स’ हे १७१६ चं भव्य ओरातोरिओ, म्हणजे अभिनयाविना गायलं जाणारं धार्मिक संगीतनाट्य, फोआ संग्रहात आहे. जेंतीली पहिल्या निम्म्यावर थांबले असते तर एक मिळालं असतं, दुसरं नाही.

याच जोर्दानो भागात ‘ग्रोस्सो मोगुल’ नावाचा व्हायोलिन कॉन्चेर्तोही आहे, म्हणजे दिल्लीच्या बादशहाच्या नावाचा. हिंदुस्थानी सूर शोधायला जाल तर निराश व्हाल. आहे तो शेवटच्या भागातला भलामोठा, एकट्या व्हायोलिनने लढवलेला पल्ला. बाखने हीच रचना ऑर्गनवर उतरवली होती. याच्या नावाशी जुळणारा ‘ग्रान मोगोल’ हा बासरीचा कॉन्चेर्तो तर २०१० मध्ये थेट एडिंबरोत, एका स्कॉटिश सरदाराच्या कागदपत्रांत सापडला.

तिसरा पेच: श्रेय

साठा पूर्ण झाला, पण बाहेर यायला वेळ लागला. त्यावर पहिलं काम करण्याचा मान जेंतीलींना मिळायचा होता. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे आणले. जेंतीली ज्यू होते. विद्यापीठातलं पद गेलं आणि त्या कामातून त्यांना बाजूला व्हावं लागलं. पहिला देणगीदार फोआही ज्यूच.

सप्टेंबर १९३९ मध्ये सिएनात, काउंट कीजी साराचीनी यांच्या संगीत अकादमीत ‘विवाल्दी सप्ताह’ झाला. सूत्रं संगीतकार अल्फ्रेदो काझेल्लांकडे. ‘ग्लोरिया’, ‘स्ताबात मातेर’, ऑपेरा ‘ओलिम्पियादे’ दोन शतकांनी पुन्हा ऐकले गेले. पोलंडवर हल्ला होऊन पंधरवडा झाला होता. काझेल्लांनी आपल्या रुचीनुसार रचनांत बदल आणि काटछाट केली. तेव्हा ते गैर मानलं जात नसे, पण आज ती आवृत्ती कुणी वाजवत नाही. या सगळ्यामागे अमेरिकन व्हायोलिनवादक ओल्गा रज आणि कवी एझ्रा पाउंड यांचीही खटपट होती. रजने तुरीनच्या रचनांची सूची केली, पाउंडने ड्रेस्डेनच्या हस्तलिखितांच्या सूक्ष्मफिल्म मिळवल्या. त्यांचा पुढे फार उपयोग झाला, कारण महायुद्धात ड्रेस्डेनच्या ग्रंथालयाचं मोठं नुकसान झालं. पाउंड मुसोलिनीचा कट्टर समर्थक. विवाल्दीसाठी झटलेले लोक चांगले होते असं एका वाक्यात म्हणता येत नाही, आणि ज्याने आकडे जुळवले त्या माणसाला त्या सप्ताहात जागा नव्हती.

युद्धानंतर चक्रं भराभर फिरली. १९४७ मध्ये अंतोनियो फान्ना यांनी विवाल्दी संस्था स्थापन केली, संगीतकार मालिपिएरो यांच्या देखरेखीखाली रिकोर्दी प्रकाशनाने वाद्यसंगीताचे ५३० छोटे खंड काढले, ते १९७२ ला पूर्ण झाले. डॅनिश अभ्यासक पेटर रियोम यांनी सगळ्या रचनांना क्रमांक दिले. तेच आज सर्वत्र वापरतात. ऑपेराचं भाग्य सर्वांत उशिरा उघडलं. एकच कॉन्चेर्तो शेकडो वेळा लिहिणारा अशी विवाल्दीची टिंगल पन्नाशीच्या दशकात फार चाले. ती करणाऱ्यांनी ‘बसून’ (bassoon) या खर्ज सुराच्या फुंकवाद्याचे ३९ कॉन्चेर्तो ओळीने ऐकलेले नसावेत. एरवी विदूषकी कामापुरत्या वापरल्या जाणाऱ्या या वाद्याला त्याने कुठे रडवलं आहे, कुठे धावडवलं आहे.

२७ खंड म्हणजे सगळा विवाल्दी नव्हे, हेही आता कळलं आहे. त्याच्या मृत्यूनंतर व्हेनिसचा प्रतकार इसेप्पो बाल्दान याने त्याची काही चर्चगीतं तेव्हा खपणाऱ्या गालुप्पी या संगीतकाराच्या नावावर ड्रेस्डेनच्या दरबाराला विकली. त्यांतलं ‘दिक्सित दोमिनुस’ अडीचशे वर्षं गालुप्पीचं म्हणून नोंदलेलं होतं. ते विवाल्दीचं आहे हे ऑस्ट्रेलियन अभ्यासक जॅनिस स्टॉकिग्ट यांनी २००५ च्या सुमारास दाखवून दिलं आणि रियोम सूचीत त्याला ८०७ क्रमांक मिळाला. बाल्दानच्या दुकानातून गेलेल्या इतर प्रतींची तपासणी अभ्यासकांनी त्यानंतर नव्याने हाती घेतली.